परसातील कोबी : गड्डा मिटण्यापूर्वीच कीड रोखा

कपिलधार परिसरात ज्यांनी सप्टेंबरअखेर परसात किंवा विहिरीच्या कडेला गोल्डन एकर कोबीचे दोन-चार वाफे लावले असतील, त्यांचा कोबी कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास गड्डा धरू लागतो. हे दिवस फार महत्त्वाचे. पाने उघडी असेपर्यंत अळी हाताला सापडते, फवाराही तिच्यापर्यंत पोचतो. गड्डा मिटल्यावर आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. औषध मात्र पानांवर राहते आणि घरच्याच ताटात येते.

कोबीची मुख्य शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. याची हिरवी, बारीक अळी पानाच्या खालच्या बाजूने हरितद्रव्य खाते; वरचा पातळ पापुद्रा तेवढा काचेसारखा शिल्लक राहतो. अळीला स्पर्श केल्यास ती वळवळते व धाग्याला लोंबकळते. एवढी खूण पुरेशी आहे.

कपाशीचे उरलेले औषध कोबीवर मारण्याची सवय सोडावी. ते खाण्यास घातक आहेच, शिवाय ही कीड औषधांना लवकर दाद देईनाशी होते. जावा बेटावर १९५३ मध्येच तिच्यात डीडीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली होती.

त्यापेक्षा मोहरी लावावी. बंगलोरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सुचविल्या आहेत. पहिली कोबी लावण्यापूर्वी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी. परसात वाफ्याच्या कडेने पेरली तरी चालते. पतंग व मावा आधी मोहरीवर जातात. मोहरी किडीने भरली की उपटून खोल पुरावी. वाळत ठेवल्यास कीड कोबीवर येते.

अर्धा किलो निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १० लिटर द्रावण करावे. त्यात थोडा साबणचुरा मिसळून सायंकाळी पानांच्या खालून फवारावे. पानामागील अंडीपुंज पानासह तोडावेत. वाफे मोजकेच असल्यास बारीक जाळीचे कापड लागवडीपासूनच ताणून टाकावे. गड्डा धरण्यासाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे मधमाशी अडली तरी बिघडत नाही.

लागवडीनंतर ६० ते ६५ दिवसांनी गड्डा अंगठ्याने दाबून पाहावा. घट्ट लागला की काढावा, केवळ आकारावर जाऊ नये. तयार गड्ड्याला भरपूर पाणी दिल्यास तो तडकतो आणि फटीतून कीड शिरते. घरी लगेच गरज नसल्यास रोप हळूच थोडे पिळून काही मुळे तोडावीत. पाणी कमी ओढले जाऊन तडकणे लांबते. काढणी सकाळी धारदार विळ्याने करावी आणि संरक्षणासाठी बाहेरची दोन-तीन पाने ठेवावीत. चिरण्यापूर्वी गड्ड्याचे चार भाग करून मिठाच्या पाण्यात १५-२० मिनिटे बुडवावेत, राहिलेल्या अळ्या बाहेर येतात.

काढणीनंतर बुडखे शेतात ठेवू नयेत. त्यांना फुटवे येतात व त्यांवर कीड पुढच्या लागवडीपर्यंत टिकते. ते उपटून त्याच दिवशी गुरांना घालावेत.