घटक ३ : साधन आणि सर्जन – मोबाईलच्या साहाय्याने आत्माविष्कार

३.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण अनुभव आणि शब्द यांच्या नात्याचा विचार केला. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते, ती म्हणजे साधन. या घटकात तिचा विचार करावयाचा आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील आपल्यापैकी अनेक जण आसनगाव-खर्डीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये किंवा कल्याणला जाणाऱ्या एसटीत बसून अभ्यास करतात. टंकलेखनयंत्र, ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा ही एकेकाळी स्वतंत्र आणि महागडी असलेली साधने आज एका मोबाईलमध्ये एकत्र येऊन आपल्या खिशात आली आहेत. ती चालवता येणे ही एक गोष्ट झाली. त्यांच्यातून स्वतःचे काही सांगता येणे ही निराळी गोष्ट होय. प्रत्येक साधन अनुभवातील काही भाग टिपते आणि काही भाग गाळते. आपले साधन काय गाळते हे ज्याला कळले, त्याला ते वापरता आले असे म्हणता येईल.

३.२ भिंतीकडून कागदाकडे

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी मोबाईलच्या पूर्वीचे उदाहरण घेऊ. वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याची प्रथा आहे. शेणामातीने वा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी हा चौक लिहीत; मध्यभागी पालघाट देवी असे. लग्न लावणारी धवलेरी स्त्रीच असते आणि तिची गाणी या विधीचा अविभाज्य भाग असतात. म्हणजे रेषा, गाणे आणि विधी ही एकाच कृतीची तीन अंगे होती, आणि ती कृती प्रामुख्याने स्त्रियांची होती.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग नेले. डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर लग्नाचा चौकच नव्हे, तर शेती, मासेमारी, मुंग्या, वाटा असे सारे जग उतरवले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. (गंजाड त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला.) कागदामुळे चित्राला विषयाचे स्वातंत्र्य मिळाले, चित्रकाराला नाव मिळाले, चित्र गावाबाहेर जाऊ शकले आणि त्यावर उपजीविका होऊ लागली. हा लाभ लहान नाही. परंतु कागदावर धवलेरीचे गाणे उतरले नाही. ज्या सवाशिणींची ती कला होती, त्यांची नावेही बहुतांशी मागे पडली. यात कागदाचा दोष नाही. कागदाला ऐकू येत नाही, इतकेच.

३.३ अक्षर आणि आवाज

शब्दांच्या बाबतीतही असेच घडते. पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागातून ज्यांच्या कामाला सुरुवात झाली, त्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेकडे असलेल्या या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. आधी ओव्या हाताने लिहून घेतल्या जात; १९९०च्या दशकात त्यांना ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. लिहिलेली ओवी आपण सुटी वाचतो. ऐकताना मात्र जात्याची घरघर, एकीने सोडलेला सूर दुसरीने उचलणे, मध्येच कोणाला उद्देशून टाकलेला शब्द, हे सारे ओवीचा अर्थ बदलत जाते. अक्षराने जे गाळले ते आवाजाने परत आणले.

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा आपणांस ठाऊक असेल. साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन तेथे अक्षरे गिरवू लागल्या. त्या शिकल्या ते केवळ लेखन. आयुष्यभराच्या गाण्यांचा, उखाण्यांचा आणि कहाण्यांचा साठा अशा वयाच्या स्त्रियांजवळ अक्षरओळखीच्या कितीतरी आधीपासून असतो. आपल्या घरातील वृद्ध माणसांविषयी हे ध्यानात ठेवावे.

३.४ कळफलक आणि बोली

आता आपल्या हातातील साधनाकडे वळू. ठाणे जिल्ह्याच्या अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ ऐकू येतो : पानी, डोला. आपण ‘पानी’ लिहू लागलो की मोबाईलचा कळफलक ‘पाणी’ सुचवतो, आणि बोट सवयीने त्या सूचनेवर पडते. २०१७ साली गूगलने मराठीसह आणखी काही भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. ज्यांचे शेतात काम करून हात थकलेले असतात किंवा ज्यांना टंकलेखन जमत नाही, त्यांना तिचा मोठाच आधार आहे. परंतु हे यंत्र मुख्यतः प्रमाण मराठीवर शिकलेले असते. ‘डोला’ ऐकून ते बहुधा ‘डोळा’ लिहील किंवा भलताच शब्द लिहील. एका संवादात असे दहा शब्द बदलले की बोलणारी बाई शहापूरची उरत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने तो उतारा निर्दोष ठरेल, आणि साहित्याच्या दृष्टीने मृत.

म्हणून सर्जनशील लेखन करताना आपोआप दुरुस्ती करण्याची सोय बंद ठेवावी आणि बोलीतील शब्द कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात भरावेत. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवायचा की सारेच बोलीत लिहायचे, हा निर्णय लेखकाचा असतो. तो यंत्रावर सोपवू नये.

जाता जाता एक तांत्रिक बाब. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द लिहिताना साधा ‘र’ वापरल्यास रफार येतो आणि ‘तर्हा’ असे चुकीचे रूप उमटते. तेथे नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरावा लागतो. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. साधनही आपल्या भाषेशी हळूहळूच जुळते.

३.५ मुद्रणापासून लेखनापर्यंत

समजा, आपल्या शेजारच्या पाड्यावरील एखादी आजी तिच्या तरुणपणीच्या पाण्याच्या वाटेविषयी सांगते आहे. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तानसा तर १८९२पासून. आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हा विषय बातमीत अनेकदा आला आहे. परंतु हंडा डोक्यावर असताना कोणते गाणे म्हणत, वाटेत कोठे टेकत, कोणाशी भांडण होई, हे बातमीत येत नाही. ते आपण लिहू शकतो.

प्रथम परवानगी घ्यावी, आणि मुद्रणाचे पुढे काय करणार हेही सांगावे. मोबाईल विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही. मुद्रणाला नेटवर्क लागतही नाही. तो घडी केलेल्या कापडावर, वाऱ्याला पाठ करून ठेवावा. छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. एरवी त्यातील तपशील कमी होतो. मूळ ध्वनिफीत कधीही कापू नये. काटछाट करायची ती प्रतीवर. त्यानंतर ऐकून जसेच्या तसे लिहून काढावे, थांबण्याच्या आणि हसण्याच्या जागाही नोंदवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि अनेक विद्यार्थी ते टाळतात. तरीही वाक्याची लय कानात मुरते ती याच टप्प्यावर. तिसऱ्या टप्प्यात आपले लेखन सुरू होते. ओळखीपुरते एक वाक्य, मग आजीचे बोलणे, मग आपल्याला दिसलेली वाट, हा क्रम आपण ठरवतो. गाणे आजीचे असते. निवड, मांडणी आणि दृष्टी आपली. म्हणून गाणे देताना तिच्या इच्छेप्रमाणे तिचे नाव द्यावे. ते स्वतःच्या नावावर खपवणे ही चोरी होय, मग ती घरातल्या घरात का असेना.

हल्ली यंत्राला विषय सांगून कविता लिहवून घेणेही शक्य झाले आहे. माळशेजच्या पावसावर ते चार कडवी सहज देईल. त्या कडव्यांत धुके असेल, धबधबा असेल. आपल्या आवणातला चिखल आणि त्या दिवशी न मिळालेली मजुरी असणार नाही, कारण ती त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

स्वाध्याय

१. वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आल्याने काय साधले आणि काय निसटले, याची सुमारे १५० शब्दांत चर्चा करा.

२. म्हशाच्या यात्रेत किंवा आपल्या गावच्या आठवडी बाजारात परवानगी घेऊन एखाद्या विक्रेत्याचे पाच मिनिटांचे बोलणे मुद्रित करा. ते आधी बोलून लिहिण्याच्या सोयीने आणि मग स्वतः ऐकून, असे दोनदा लिहून काढा. दोन्ही प्रती शेजारी ठेवून यंत्राने बदललेल्या शब्दांखाली रेघ ओढा. अभ्यासकेंद्रावरील पुढील संपर्कसत्रास येताना त्यांतील तीन शब्द आणि त्यांचे अर्थ सोबत आणा.