पाण्याचा रंग घ्यावा की पी.यू.? एअरब्रश व ग्राफिटीच्या कारागिरांसाठी

दुकानांचे बोर्ड रंगविणे, ट्रकच्या फळ्यांवर अक्षरे व वेलबुट्टी काढणे, सिनेमाचे फलक रंगविणे ही कामे आपल्या समाजातील कितीतरी हातांनी केली आहेत. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा त्यांनीही सिनेमाचे फलक रंगवूनच पोट भरले होते. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि ब्रशवर घर चालविणाऱ्या कारागिरांचे काम पाहता पाहता निम्म्यावर आले.

आता त्याच हातांना दुसरे काम मिळू लागले आहे. मोटारसायकलची टाकी, हेल्मेट, दुकानाचे शटर, उपाहारगृहाची भिंत, टी-शर्ट यांवर एअरब्रशने किंवा फवाऱ्याच्या डब्याने चित्र काढून घेणारे गिऱ्हाईक वाढले आहे. सजीवांची चित्रे काढणे ज्यांना मान्य नाही त्यांच्यासाठीही येथे जागा आहे. ट्युनिशियातील गाबेस शहरात २०१२ साली जारा मशिदीच्या मिनारावर 'अल सीद' या नावाने काम करणाऱ्या कलाकाराने इमामांच्या संमतीने अरबी अक्षरांची भव्य रचना रंगविली. खत्ताती, वेलबुट्टी, भूमितीची नक्षी यांना भिंतीवर किती वाव आहे, हे त्यावरून दिसते.

मात्र या धंद्यात नव्याने येणाऱ्या कारागिराला पहिल्याच दिवशी एक प्रश्न अडवितो. रंग पाण्याचा घ्यावा की युरेथेनचा, म्हणजे बाजारात ज्याला 'पी.यू.' म्हणतात तो? दुकानदार महाग डबा पुढे करतो, शेजारचा गॅरेजवाला 'पी.यू.शिवाय टिकत नाही' म्हणतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ पैशांत नाही. चुकीची निवड झाली तर काम सोलून निघते, आणि त्याहून मोठे म्हणजे शागिर्दाची छाती कायमची बिघडू शकते. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

दोन्ही रंगांत फरक काय?

पाण्याच्या रंगात अॅक्रिलिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांना चिकटून पातळ थर होतो. वास कमी, आगीची भीती नाही, ओला असताना साबण-पाण्याने धुता येतो. दोष असा की हा थर पेट्रोल, थिनर व घासणे यांपुढे फार टिकत नाही.

पी.यू. रंगाचे शास्त्र जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधले. यात दोन वस्तू असतात. एका डब्यात राळ, दुसऱ्या बाटलीत हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन सारा थर एकजीव होतो. म्हणून तो कठीण, चकचकीत आणि पेट्रोलला दाद न देणारा असतो. चांगल्या प्रतीचा पी.यू. उन्हातही लवकर पिवळा पडत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. 'पाण्याचा पी.यू.' अशा नावाचाही माल मिळतो. नाव पाण्याचे असले तरी त्याबरोबर हार्डनरची बाटली येत असेल, तर तो धोक्याच्या बाबतीत पी.यू.च समजावा. म्हणून डब्यावरचे नाव वाचून थांबू नये. 'याबरोबर दुसरी बाटली मिसळावी लागते का?' हा प्रश्न दुकानदाराला विचारावा. साऱ्या निवडीची किल्ली या एका प्रश्नात आहे.

हार्डनरचा धोका

हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये ज्या वायूने हजारोंचे बळी घेतले, तो मिथिल आयसोसायनेट होता. हार्डनरमधील रसायन तेच नव्हे आणि ते तसे वायुरूपाने पसरतही नाही. पण कूळ एक आहे, आणि फवारताना त्याचे बारीक तुषार थेट फुफ्फुसात जातात.

कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते. हा दमा फसवा असतो. कारागीर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे फवारणी करतो आणि त्याला काही होत नाही. मग एके दिवशी शरीर या रसायनाला विरोध करू लागते. त्यानंतर अगदी थोडा अंशही छाती आवळण्यास पुरेसा होतो आणि पुष्कळदा तो धंदाच सोडावा लागतो. रात्री खोकला येणे, छाती दाटणे, सुट्टीच्या दिवशी बरे वाटणे आणि कामावर आले की पुन्हा त्रास होणे ही त्याची खूण आहे. असा शागीर्द दिसला तर 'सर्दी आहे' म्हणून दुर्लक्ष करू नये. डॉक्टरकडे पाठवावे आणि कोणत्या रंगाचे काम करतो तेही सांगावे.

तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून काही उपयोग नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्क थिनरची वाफ बऱ्याच प्रमाणात अडवितो. पण आयसोसायनेटचा वास येण्याच्या आधीच ते घातक प्रमाणात हवेत असते. त्यामुळे डबी संपल्याचे कारागिराला कळत नाही. शिवाय घट्ट बसणारा मास्क दाढीवर बंद बसतच नाही, कडेने हवा आत येते. दाढी राखणाऱ्या बंधूंनी निराश होण्याचे कारण नाही. डोक्यावरून घालायचा सैल टोप मिळतो व त्यात नळीने स्वच्छ हवा सोडतात. तो दाढीवरही चालतो आणि पी.यू.साठी हेच योग्य साधन आहे. मात्र ती हवा श्वासासाठी योग्य अशी गाळलेली असावी आणि ती ओढणारे यंत्र फवारणीच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावे.

युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ज्या मालात ०.१ टक्क्यापेक्षा अधिक मुक्त डायआयसोसायनेट आहे तो धंद्यात वापरणाऱ्यास आधी प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे. आपल्याकडे मात्र हाच माल चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती बंद खोलीत दिला जातो.

वजू आणि रंग

आपल्या कारागिरांचा आणखी एक प्रश्न आहे. त्वचेवर रंगाचा थर राहिला तर वजूचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून जोहरच्या वेळी घाईघाईने थिनरने हात धुण्याची सवय लागते. थिनर त्वचेतील स्निग्धता काढून घेतो, हाताला भेगा पडतात आणि रसायन शरीरात शिरण्यास वाट मिळते. हार्डनर तर त्वचेवाटेही शरीराला बिघडवू शकतो. उपाय सोपा आहे. काम सुरू करण्यापूर्वीच नायट्राइलचे हातमोजे व पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा. पाण्याचा रंग लागलाच तर ओला असताना साबणाने निघतो; पी.यू. एकदा घट्ट झाला की तसा निघत नाही.

कोणत्या कामाला कोणता रंग?

भिंत : बाहेरची असो वा आतली, पाण्याचाच रंग घ्यावा. खाली बाहेरच्या कामाचे अॅक्रिलिक इमल्शन, वर पाण्याचे अॅक्रिलिक रंग. आपल्या कोकणात पावसाळ्यात भिंत ओल धरते. पाण्याच्या रंगाच्या थरातून ती वाफ बऱ्यापैकी बाहेर पडते. पी.यू.चा थर वाफ अडवून धरतो व मागून फोड येतात. नव्या प्लास्टरला निदान चार आठवडे सुकू द्यावे. ओल्या सिमेंटच्या क्षारामुळे ऑइल पेंट साबणासारखा होऊन निघतो. ग्राफिटीच्या फवाऱ्याच्या डब्यांत बहुधा थिनरवर्गी द्रव व पेट घेणारा वायू असतो, म्हणून ते बंद जागेत वापरू नयेत. पाण्याच्या रंगाचे डबेही आता मिळतात. आणि भिंत कोणाचीही असो, मालकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा आहे.

कापड : टी-शर्ट, पिशव्या यांना कापडासाठीचाच पाण्याचा रंग घ्यावा. सुकल्यावर डब्यावर सांगितल्याप्रमाणे गरम इस्त्री फिरवावी, नाहीतर धुण्यात जातो. येथे पी.यू.चे काम नाही.

हेल्मेट : येथे फार जपावे. पुष्कळ हेल्मेटचे कवच प्लास्टिकचे असते आणि थिनर ते आतून कमजोर करू शकतो. वरून काही दिसत नाही. अपघाताच्या क्षणी कवच फुटते. म्हणून बनविणाऱ्याने रंगविण्यास मनाई केली असेल तर काम घेऊच नये. परवानगी असेल तेथे पाण्याचा रंग वापरावा आणि आय.एस.आय.ची खूण झाकू नये. दुसऱ्याच्या डोक्याच्या सुरक्षिततेवर आपली कमाई होता कामा नये.

मोटारसायकलची टाकी व गाडीचा पत्रा : ऊन, पाऊस आणि सांडणारे पेट्रोल यांपुढे नुसता पाण्याचा रंग तग धरणार नाही. येथे वरचा शेवटचा थर पी.यू. क्लिअरचाच लागतो. पण त्याखालचे सारे चित्र पाण्याच्या रंगात करता येते. युरोपात २००७ पासून वाहनांच्या रंगात उडून जाणाऱ्या द्रवांना लिटरमागे ४२० ग्रॅमची मर्यादा आली, तेव्हा तेथील गॅरेजांनी खालचा रंग पाण्याचा केला आणि वरचा क्लिअर पी.यू.चाच ठेवला. हाच मध्यम मार्ग आपल्यालाही सोयीचा आहे.

मध्यम मार्गाची रीत

टाकीचा जुना गुळगुळीत थर ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून मंद करावा. तेलकटपणा पूर्ण पुसावा, नंतर उघड्या बोटांनी हात लावू नये. पाण्याचा रंग पातळ थरांनी द्यावा व प्रत्येक थर सुकू द्यावा. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला साधारण २० ते ३० पौंडांचा दाब पुरतो. आपल्या उन्हाळ्यात सुईच्या टोकावर रंग सुकून अडतो. तेव्हा रंगवाल्या कंपनीचाच रिड्यूसर थोडा घालावा, साधे पाणी ओतत बसू नये.

चित्र पूर्ण झाल्यावर घाई करू नये. आत पाणी राहिले आणि वर क्लिअर चढविला तर थर सुरकुततो किंवा सुटतो. पावसाळ्यात तर अधिकच थांबावे. कॉम्प्रेसरला पाणी गाळणारी बाटली लावलेली असावी, कारण हार्डनरला पाणी मिळाले की त्यातून वायू सुटून बुडबुडे येतात. क्लिअरचा पहिला हात धुक्यासारखा हलका द्यावा म्हणजे खालचे चित्र हलत नाही, मग भरून दोन हात द्यावेत.

ज्याच्याकडे हवेचा टोप व हवा ओढून घेणारी बंद खोली नाही, त्याने पी.यू. फवारूच नये. चित्र आपण करावे आणि क्लिअरसाठी टाकी अशा सोयी असलेल्या गॅरेजला द्यावी. तेथेही फवारणाऱ्याला साधने आहेत की नाहीत ते पाहावे. आपल्या छातीचा धोका दुसऱ्याच्या शागिर्दावर ढकलणे हा तोडगा नव्हे.

पाण्याचा रंग म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असेही समजू नये. त्याचे तुषारही छातीत जाऊ नयेत. काही रंगद्रव्यांत कॅडमियम, कोबाल्ट असते. खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा आणि नाकावर चांगला मास्क इतके तरी असावेच.

हिशेब आणि सचोटी

किंमत लिटरमागे मोजू नये, तयार कामामागे मोजावी. समजा, एका टाकीला १५० मिलिलिटर क्लिअर लागतो व प्रमाण २ ला १ आहे. तर १०० मिलिलिटर क्लिअरला ५० मिलिलिटर हार्डनर घ्यावा. पण अंदाजाने ३०० मिलिलिटर मिसळले तर उरलेला अर्धा माल संध्याकाळपर्यंत वाटीत दगड होतो. पाण्याचा उरलेला स्वच्छ रंग झाकण लावून दुसऱ्या दिवशी वापरता येतो. पी.यू.च्या हिशेबात थिनर, मास्क, हातमोजे व वाया गेलेला माल धरला म्हणजे खरी किंमत कळते.

गिऱ्हाइकाला बिलावर लिहून द्यावे : चित्र कोणत्या रंगात, वरचा थर कोणता, किती हात. पी.यू.चे पैसे घेऊन साधा लॅकर मारणे हे माप मारण्यासारखेच आहे. दोन उन्हाळ्यांत ते उघडे पडते आणि मग गिऱ्हाईक एका कारागिराला नव्हे, साऱ्या मोहल्ल्याला नाव ठेवते.

शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, आणि शागीर्द ही त्याच्या आई-वडिलांनी उस्तादाकडे सोपविलेली अमानत आहे. म्हणून काम हाती घेताना आधी ही वस्तू कोठे राहणार ते पाहावे, मग डब्याबरोबर दुसरी बाटली आहे का ते पाहावे, आणि शेवटी ती बाटली उघडण्याची सोय आपल्याकडे आहे का ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. या क्रमाने निवड केली तर काम टिकेल, छातीही टिकेल आणि रोजीत बरकत होईल, इन्शाअल्लाह.