पिचकारीचं भोक मोठं करू का?

प्रश्न : मुलाच्या दट्ट्याच्या पिचकारीची धार गेल्या रंगपंचमीला अंगणापलीकडे जायची. यंदा ती पायाशीच पडते. शेजारी म्हणतात, नोझलचं भोक तापलेल्या सुईनं मोठं करा. करू का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आत्ता नको. धार लांब जाते ती दाबामुळे, आणि दाब तुमच्या हातातून येतो. भोक फक्त किती पाणी सुटेल ते ठरवतं. दोन मिलिमीटरचं भोक चार मिलिमीटर केलं, तर वाट दुप्पट नाही, चौपट मोठी होते. तेवढं पाणी त्याच दाबानं फेकायचं तर दट्ट्या चौपट वेगानं ढकलावा लागेल. मुलाच्या हाताला ते जमत नाही. मग दाब कमी होतो आणि धार आणखी जवळ येते.

म्हणून आधी दाब कुठे गळतो ते शोधा. पिचकारी पाण्यानं भरा, नोझलवर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या हळूहळू आत जात असेल आणि मुठीच्या बाजूनं पाणी झिरपत असेल, तर वायसर झिजला आहे. नोझलच्या आट्यांतून पाणी येत असेल, तर तिथे टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. दट्ट्या जागचा हलतच नसेल, तर गळती नाही. नोझल चोंदलं आहे.

रबरी वायसर किंवा ओ-रिंग नळसामानाच्या दुकानात मिळते. जुनी सोबत नेऊन मापाची घ्या. तिला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका. नैसर्गिक रबर त्यानं फुगतं आणि कमकुवत होतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. घरात जुनी पितळी पिचकारी असेल, तर गोष्ट उलटी. तिचा चामड्याचा वायसर स्टोव्हच्या पंपातल्या वायसरसारखाच असतो. सुकला की आकसतो, तेलात मुरवला की पुन्हा घट्ट बसतो.

नोझल चोंदण्याची कारणं मुख्यतः दोन. गुलालात बहुधा मक्याचा स्टार्च असतो. तो गार पाण्यात विरघळत नाही, भोकाशी साचतो. कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं काढा आणि पुढच्या वेळी रंग फडक्यानं गाळून भरा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर असेल, तर नोझल व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवा. उकळत्या पाण्यात घालू नका, प्लॅस्टिक वाकतं. तडा गेला असेल, तर झटपट चिकटणारा गोंद बहुतेक वेळा निघून येतो, कारण पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनला तो धरत नाही. तिथे नवं नोझलच बसवावं.

एवढं करूनही भोक वाढवायचंच असेल, तर सुई नको. वितळलेलं प्लॅस्टिक आतल्या कडेला साचतं, पाणी त्यावर आपटून विखुरतं आणि धारेऐवजी तुषार उडतात. ड्रिलचं पातं बोटांनी फिरवत अर्धा मिलिमीटरच वाढवा आणि कडा साफ करा. दोनचं अडीच केलं तरी वाट दीडपटीहून मोठी होते.

दाबाचं हे महत्त्व अमेरिकी अभियंता लॉनी जॉन्सन यांच्या खेळण्यात दिसतं. 1982 मध्ये उष्णता-पंपाच्या प्रयोगासाठी स्वतः बनवलेलं नोझल त्यांनी घरच्या बाथरूममधल्या नळाला जोडलं, आणि जोरदार धार सुटली. त्यातून पुढे ‘सुपर सोकर’ आली. तिच्यात आधी पंपानं हवा दाबून साठवतात आणि ती दाबलेली हवाच पाणी फेकते.

हे वाचून पीव्हीसी पाइपात सायकलच्या पंपानं हवा भरू नका. दाबलेल्या हवेनं तो पाइप फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात. आणि दुरुस्त पिचकारीची धार पूर्वीपेक्षा जोरात लागेल, तेव्हा मुलाला आधीच सांगा : नेम खांद्याखाली, डोळ्यांवर कधीच नाही.