२३८ अंशांची मासळी

"तुमचं सॉफ्टवेअर फ्रीजरमध्ये भट्टी दाखवतंय." पहाटे पावणेसहाला रत्नागिरीहून आलेला फोन. तिथल्या एका मासळी गोठवण्याच्या कारखान्यात तापमान नोंदवणारा माझा सी-मधला प्रोग्राम तीन वर्षं बिनबोभाट चालला होता. जुना इंटेलचा डबा काढून स्वस्तातला आर्म बोर्ड बसवला आणि उणे १८ची खोली पडद्यावर २३८ अंश दाखवायला लागली. बोर्ड पुरवणाऱ्या एजन्सीने तोवर मालकांना सांगूनही टाकलं होतं की कोड जुनाट आहे, नव्याने लिहावा लागेल. कोटेशनसुद्धा तयार!

दोन दिवस मी सेन्सर, केबल, अर्थिंग तपासत बसलो. मग नुसत्या नोंदी वाचल्या. उणे १९च्या जागी २३७, उणे २०च्या जागी २३६. २३८ आणि १८ किती? २५६. माझ्याच कपाळावर हात मारला. बाईट तोच होता, फक्त उणे चिन्ह हरवलं होतं. लिनक्सवर जीसीसी कंपायलर सी-मधला साधा 'चार' हा प्रकार इंटेलसाठी चिन्हासकट धरतो, आर्मसाठी चिन्हाविना. आणि हे मला ठाऊक होतं हो! म्हणूनच मेकफाइलमध्ये 'एफ-साइन्ड-चार' पहिल्या दिवसापासून होता.

एजन्सीच्या इंजिनिअरला विचारलं. "सर, ती ओळ एरर देत होती, काढली." एरर खरी होती. त्याच ओळीत 'एम-एसएसई-४.२' होता, आणि तो आर्मचा कंपायलर ओळखत नाही. पण एक फ्लॅग नडला म्हणून अख्खी ओळ उडवायची? वर ऐकवलं, "आमच्या मॅकवर बरोबर येतंय, तोही आर्मच आहे." ॲपलने आर्मवरही 'चार' चिन्हासकटच ठेवलाय, असं सांगितल्यावर पलीकडे शांतता. मग, "मेल करा ना सर." उडवलेल्या ओळीत 'डब्ल्यू-एक्स्ट्रा'ही होता. तो राहिला असता तर कोडमधली 'शून्यापेक्षा कमी' ही तुलना कधीच खरी ठरणार नाही, अशी ताकीद कंपायलरनेच दिली असती. चोर शिरला तो राखणदाराला घालवून!

माझं चुकलं ते सांगतो. तापमान 'चार'मध्ये ठेवायलाच नको होतं. 'इंट-८-टी' लिहिलं असतं तर फ्लॅगची गरजच उरली नसती. आकड्याचा अर्थ कोडमध्येच असावा, मेकफाइलमधली ओळ कोणीही पुसू शकतो. लिनक्स कर्नेलनेही 'चार' सगळीकडे चिन्हाविना ठरवला तो ६.२ आवृत्तीत, २०२३ साली. तेव्हा मला फार हसू नका.

दुसरं, सगळ्यांचे फ्लॅग वेगळ्या ओळीत आणि एकेका प्रोसेसरचे वेगळ्या ओळीत लिहा. कोणती ओळ लावायची ते 'यूनेम'ला विचारू नका. लॅपटॉपवर आर्मसाठी क्रॉस-बिल्ड करताना तो लॅपटॉपचंच नाव सांगतो. कंपायलरला 'डम्प-मशीन' विचारा, तो लक्ष्य सांगतो. दुसऱ्याच्या यंत्रावर जाणाऱ्या बिल्डमध्ये 'मार्च-नेटिव्ह' कधीही नको. नव्या लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्राम जुन्या डब्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून आडवा होतो. तेही मी भोगलंय, पण ती रड वेगळी. दशांशाची बेरीज आर्मवर शेवटच्या अंकात हलली तर आधी 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ' लावून पाहा. तिथे जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करतो, त्यामुळे मधलं पूर्णांकन गळतं.

बाकी नेहमीचंच: टेस्ट खऱ्या बोर्डवर करा, बॅकअप ठेवा, सगळं लेखी घ्या.

लेखीवरून आठवलं. डीबग माहितीसह बांधलेल्या बायनरीत जीसीसी कंपायलरचे फ्लॅग नोंदवून ठेवतो. 'रीडएल्फ'ने ती ओळ काढली. तिच्यात माझ्या 'एफ-साइन्ड-चार'चा पत्ता नव्हता. मालकांसमोर तिची प्रिंट ठेवली, तेव्हा कुठे त्यांना पटलं. फ्लॅग परत घातला, पुन्हा बिल्ड केलं, उणे १८ आलं. एजन्सीने कोटेशन गुपचूप मागे घेतलं. त्या तीन दिवसांचं माझं बिल मात्र अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.