दगडाळ उतारावर गवत तगतं कसं?

प्रश्न : मुलाकडे आयडाहोला गेलो असता हेल्स कॅन्यन पाहिला. इतक्या खड्या, दगडाळ उतारावर गवत वाढतं कसं?

उत्तर : तिथला बराचसा खडक आपल्या सह्याद्रीसारखाच बेसाल्ट आहे. तीव्र उतारावरून माती सतत घसरते, त्यामुळे तिचा थर उथळ राहतो. मात्र पृष्ठभागावरचे दगड पावसाचा मारा झेलून धूप कमी करतात. काही ठिकाणी वाऱ्यानं आणलेली बारीक माती आणि सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या माझामा ज्वालामुखीची राख मिसळलेली आहे. ती ओल धरते. गवताची मुळं कुजून वरचा थर काळसर, सुपीक होतो. उत्तराभिमुख उतारांवर ऊन कमी, म्हणून तिथं माती सहसा खोल आणि गवत दाट असतं. दक्षिणाभिमुख उतार कोरडे. अतिचराई झाली, की चीटग्राससारखं उपरं गवत शिरतं.