वारा पडला, तेव्हाच परतायचं होतं

जऊळक्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर. अकोला–पूर्णा लोहमार्गावरचं हे गाव. इथल्या पोराने पाण्यातल्या फळीवर उभं राहून हातात शीड धरावं, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. आई त्याला ‘पाटावर उभं राहनं’ म्हणते. नोकरीने मला पणजीला नेलं आणि करंजाळ्याच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंगचा नाद लागला. पुढे एकदा मांडवीच्या मुखातून बाहेर वाहत गेलो, तेव्हा सगळे म्हणाले, विदर्भातल्या माणसाला समुद्र काय कळणार! खरं उलटं आहे. मला समुद्र कळला नाही म्हणून मी फसलो नाही. खळ्यावर शिकलेलं विसरलो म्हणून फसलो.

गावात थ्रेशर आला तरी घरापुरती ज्वारी, उरलीसुरली तूर आम्ही हातानेच उपणायचो. दुपारी वारा सुटला की आजी तिवईवर चढायची, मी खालून सूप भरून द्यायचो. दाणे पायाशी, कुटार पलीकडे. वारा फिरला की तिवईही फिरवायची. आणि कधी कधी वारा एकदम पडायचा. ऊन तसंच, पण पान हलत नाही, अंगाला चिकट घाम. मी सावली शोधायचो, आजी मात्र तोवर खाली उतरलेली असायची. “वारा पडला रे बाप्पा, दाने झाका पह्यले!” कधी काहीच यायचं नाही आणि आम्ही पोरं तिला हसायचो. कधी मात्र दहा मिनिटांत वावधन यायचं. आधी भलत्याच अंगाने थंडगार झोत, त्याला ओल्या मातीचा वास, मग टपोरे थेंब, एखाद्या वर्षी गाराही.

आता किनाऱ्यावरचा वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे अंगावर आले. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. कोकण-गोव्यात पावसाळा सोडला तर दुपारी बारा-एकच्या सुमाराला खारा वारा धरतो आणि दुपार कलता वायव्येकडे सरकत जातो. शिकणाऱ्याला हा वारा मायाळू. पडलात, शीड सुटलं, तरी तो तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतो. सकाळचा मतलई दिसायला गरीब. काठाजवळ पाणी काचेसारखं असतं, कारण वारा जमिनीच्या आडोशाने येतो. शंभर मीटर आत गेलं की तो खरा कळतो, आणि तोवर पाठ किनाऱ्याकडे झालेली असते. एकट्याने मतलईवर जायचं नाही, हा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी तो पाळलाही. मोडला तो दुसऱ्या वाटेने.

साल २०१९, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. त्या वर्षी पावसाने परतायलाच ९ ऑक्टोबर उजाडला होता, नोंदींमधली सगळ्यांत उशिराची तारीख. दमट हवा, घाटाच्या अंगाला रोज दुपारी ढगांचे मनोरे. मोबाइलवर वारा दाखवत होता १२ नॉट, वायव्येचा. म्हणून साडेसात चौरस मीटरचं मोठं शीड लावलं. तीनच्या सुमाराला मस्त वारा होता. साडेचारला तो पडला. शीड लोंबायला लागलं, फळी जागच्या जागी डुलायला लागली. मी काय केलं? फळीवर बसलो आणि वारा परत यायची वाट बघत राहिलो. पाठीमागे पणजीवर आभाळ शाईसारखं झालं होतं. मी आग्वादच्या दीपगृहाकडे तोंड करून बसलो होतो, छान दिसत होतं म्हणून.

वारा आला, पण पूर्वेकडून. पहिल्या झोतालाच मातीचा वास होता. समुद्रात मातीचा वास! त्या क्षणी आजी आठवली, पण आठवून उपयोग नव्हता. शीड उचललं की ते मला घेऊन आडवं पडायचं. हा हिशेब नवशिक्याने पाठ करावा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर चौपट होतो. १२ नॉटसाठी लावलेलं शीड २५ नॉटला हातात राहत नाही. त्यात ओहोटी लागलेली. पाणी आणि वारा दोन्ही एकाच दिशेने, बाहेर. दक्षिणेला काबोचं टोक हळूहळू मागे सरकताना दिसत होतं. विजा सुरू झाल्या आणि माझ्या हाताशी होता कार्बन-फायबरचा उंच मास्ट.

एकच गोष्ट बरोबर केली, फळी सोडली नाही. पोहत किनारा गाठू, असं मनात आलं होतं. किनारा जवळच दिसत होता. तो नेहमीच जवळ दिसतो. मी शीड पाण्यात आडवं पसरू दिलं आणि फळीवर पालथा पडून राहिलो. पाण्यात पडलेलं शीड नांगरासारखं ओढ धरतं, वाहून जायचा वेग कमी होतो. पाऊण तासाने मासेमारीची एक फायबरची होडी परतत होती, त्यांनी ओढून घेतलं. सुकाणूवरचा म्हातारा बराच वेळ बोललाच नाही. मग कोकणीत एवढंच म्हणाला, “वारें पडिल्लें तुका दिसूंक ना?”

नंतर समजून घेतलं ते असं. सह्याद्रीवर दुपारी वाढलेला गडगडाटी ढग फुटतो तेव्हा त्यातली गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूबाजूंनी पसरते. ती खाऱ्या वाऱ्याला समोरून भिडते तिथे थोडा वेळ दोघांची बरोबरी होते. वारा पडला असं आपल्याला वाटतं ते हेच. मग जोरदार असतो तो जिंकतो. मोबाइलवरचा अंदाज काही किलोमीटरच्या चौकोनाचा सरासरी वारा सांगतो. एका ढगाच्या पोटातून निघालेला झोत त्यात सापडेलच असं नाही. अ‍ॅप वाईट नाही. पण त्याला आभाळ दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं.

दुसरा फसवा वारा याहून मोठ्या पसाऱ्याचा. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की वारा त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. ते आपल्या नैर्ऋत्येला असेल तर किनाऱ्यावर वारा आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्रात वाहतो. केंद्र कितीतरी दूर, डोक्यावर कदाचित ऊनसुद्धा, आणि दुपारचा भरवशाचा खारा वारा मात्र गायब. दुपारी दोनला वारा जमिनीकडून वाहत असेल तर त्या दिवशी शीड बांधूच नका. माझ्या त्या प्रसंगानंतर आठवडाभरातच त्याच समुद्रात ‘क्यार’ उभं राहिलं आणि पुढे महाचक्रीवादळ झालं, २००७ च्या ‘गोनू’नंतरचं पहिलं.

पूर्वी असे दिवस मोजके असत. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी नोंदी तपासून २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं आहे. ‘निसर्ग’ जून २०२० मध्ये, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. २०२५ ला तर रत्नागिरी-दापोलीच्या किनाऱ्यावर २४ मेलाच कमी दाबाचं क्षेत्र चढलं आणि २६ मेला मान्सून मुंबईत. जुनी माणसं ‘मे अखेरपर्यंत बिनधास्त’ म्हणायची, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत धरायची. ते कॅलेंडर आता भिंतीवर ठेवायला ठीक आहे.

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचतो आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने दिलेला लाटा-वाऱ्याचा अंदाज बघतो. कोळी बांधवांनी होड्या वर ओढल्या असतील तर अ‍ॅप काहीही म्हणो, मी जात नाही. घाटावर ढग चढत असतील तर छोटं शीड लावतो. वेग कमी मिळतो, पोरं हसतात, हसू देत. जॅकेटला शिट्टी, पिशवीबंद मोबाइल, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ नंबर. किती वाजता परतणार ते किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवतो. मदत हवी असेल तर फळीवर बसून दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे. एकच हात हलवला तर लोक आनंदाने उलट हात हलवतात. आणि वारा पडला की थांबत नाही. शीड आडवं टाकून हाताने वल्हवत किनाऱ्याला येतो. दहापैकी सात वेळा काही होत नाही आणि मी वाळूवर उगाच बसून राहतो.

हे समुद्रापुरतंच नाही. आपल्याकडेही धरणांवर आता होड्या, कयाक आले आहेत. एप्रिल-मेमधलं वावधन धरणाच्या पाण्यालाही तितकंच झोडपतं, आणि तिथे ओढून घ्यायला मासेमारीची होडी असेलच असं नाही. जऊळक्यात, मालेगावात, वाशीममध्ये कुणी पोरंटोरं घेऊन पाण्यावर जात असाल तर एवढं करा: वारा अचानक थांबला, पान हलेना, की नाव काठाला लावा. फोटो नंतर काढा.