मागच्या चाकांचा कल आणि रोख : चारचाकी बाळगणाऱ्या सभासदांसाठी एक पाठ



आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात चारचाकी उभी आहे. कुणाची लहान मोटार, कुणाची जीपवजा गाडी, तर कुणाचा पिकअप. टायर एका बाजूनं झिजले की आपण गाडी टायरवाल्याकडं नेतो आणि ‘अलाइनमेंट करा’ म्हणून सांगतो. तो पुढची दोन चाके बघतो, पैसे घेतो आणि आपण घरी येतो. मागची चाके मात्र कुणी बघत नाही. ती वळत नाहीत, मग त्यांचं काय बिघडणार, अशी आपली समजूत असते.

ही समजूत बरोबर नाही. गाडी वळवण्याचं काम पुढची चाके करतात खरी, पण गाडी सरळ ठेवण्याचं काम मागची चाके करतात. पुढचं चाक बिघडलं तर स्टिअरिंग हाताला सांगतं. मागचं बिघडलं तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही, आणि कळतं ते पावसात, वळणावर, ब्रेक दाबल्यावर. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

कल म्हणजे काय, रोख म्हणजे काय?

गाडीच्या मागं उभं राहून चाकाकडं बघा. चाक ओळंब्यात उभं आहे की कललेलं आहे? या कलाला ‘कॅम्बर’ म्हणतात. चाकाचा माथा गाडीच्या आत झुकला असेल तर तो उणे कॅम्बर, बाहेर झुकला असेल तर अधिक कॅम्बर.

आता गाडी वरून बघतो आहोत अशी कल्पना करा. चाकाचं तोंड नाकासमोर आहे, आत आहे की बाहेर? याला ‘टो’ म्हणतात. आपण त्याला रोख म्हणू. तोंड आत असेल तर टो-इन, बाहेर असेल तर टो-आउट.

ही मापं अंशात सांगतात. ६० सें.मी. उंचीच्या चाकाला एक अंश कल असेल तर त्याचा माथा तळापेक्षा सुमारे १ सें.मी. सरकलेला असतो. रोखाचा हिशेब याहून डोळे उघडणारा आहे. चाकाचा रोख अर्धा अंश चुकला, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. म्हणजे कारखान्यावर वीस किलोमीटर जाऊन आलात, तर चाळीस किलोमीटरमध्ये टायर साडेतीनशे मीटर डांबरावर आडवा घासला! टायर का खाल्ला जातो हे वेगळं सांगायला नको.

कॅम्बरनंही टायर झिजतो, पण एक-दीड अंशाचा उणे कॅम्बर एकटा असेल तर झीज हळू होते. त्याला रोखाची चूक जोडली गेली, की आतली कड बघता बघता तारेपर्यंत जाते. आणि आतली कड आपल्याला उभ्यानं दिसत नाही!

मागचं चाक मुद्दाम कललेलं का ठेवतात?

नवी गाडी घेतली आणि मागची चाके वरून जराशी आत झुकलेली दिसली, तर घाबरून जाऊ नये. कंपनीनंच ती तशी ठेवलेली असतात. वळणावर गाडीचं अंग बाहेर कलतं आणि त्याबरोबर बाहेरचं चाकही बाहेर झुकू पाहतं. ते आधीच थोडं आत झुकवून ठेवलं, तर ऐन वळणावर ते सपाट बसतं आणि पकड टिकते. मागची पकड पुढच्यापेक्षा आधी सुटता कामा नये, हा यातला मूळ नियम. पुढची सुटली तर गाडी वळणातून बाहेर सरळ जाऊ लागते आणि वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी शेपूट फिरवते, आणि मग साध्या ड्रायव्हरच्या हाती काही राहत नाही.

त्याच कारणानं मागच्या चाकांना बहुतेक गाड्यांत किंचित टो-इन देतात. मागं टो-आउट झालं, तर गाडी ब्रेकवर आणि वळणावर चंचल होते.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरले कॉर्व्हेर या १९६० ते १९६३ सालच्या गाडीचं इंजिन मागं होतं. मागचा प्रत्येक अर्धा अ‍ॅक्सल फक्त मध्यभागी बिजागरीवर हलायचा. गाडीचं मागचं अंग उचललं गेलं की चाकाचा तळ आत ओढला जाई आणि अधिक कॅम्बर होई. म्हणून कंपनीनं हवा पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड सांगितली होती. पण ही गोष्ट पाळणारे किती निघणार? १९६५ साली राल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकात या गाडीवर कडक टीका केली. त्याच सालच्या नव्या गाडीत कंपनीनं मागची सगळी रचना बदलली. पुढे १९७२ साली तिथल्या सरकारी चौकशीत जुनी गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोक्याची नाही असा निष्कर्ष निघाला. वाद काही असो, मागच्या चाकाचा कल आणि हवा ही किती मोलाची गोष्ट आहे, हे त्यातून साऱ्या जगाला कळलं. आपल्याकडं २००९ ते २०१८ या काळात निघालेल्या टाटा नॅनोचंही इंजिन मागंच होतं. तिचे पुढचे टायर १३५ मि.मी. रुंद आणि मागचे १५५ मि.मी. रुंद होते, ते मागची पकड राखण्यासाठीच.

तुमच्या गाडीचं मागचं अंग कोणत्या जातीचं?

दुरुस्ती काय करायची हे यावर ठरतं. ढोबळ तीन जाती आहेत.

एक, अखंड अ‍ॅक्सल. जुनी अ‍ॅम्बॅसिडर, फियाट, जीप, आणि आजची बोलेरो व बहुतेक पिकअप या जातीच्या. दोन्ही चाके एकाच दांड्यावर असल्यामुळं कॅम्बर जवळजवळ शून्य असतो आणि माल भरला तरी बदलत नाही. इथं कॅम्बर दिसला तर अ‍ॅक्सल वाकला किंवा बेअरिंग गेलं असं समजावं. या जातीचा खरा रोग दुसराच आहे. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल पडले, की एका बाजूनं अ‍ॅक्सल मागं सरकतो. मग गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते. मागून येणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं, चालवणाऱ्याला दिसत नाही. बैलगाडीचा आस तिरका बसला तर बैल एका अंगाला ओढतात, तसलाच हा प्रकार.

दोन, पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बीम. आजच्या बहुतेक लहान मोटारींना मागं हाच असतो. कॅम्बर आणि टो कारखान्यातच ठरलेले असतात. फिरवायला बोल्ट नसतो. माप चुकलं तर बुश गेले, स्टब वाकला किंवा बीम वाकला, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. खड्ड्यात किंवा दुभाजकाला चाक आदळलं की हे होतं.

तीन, प्रत्येक चाक स्वतंत्र. काही मोठ्या, महागड्या गाड्यांना ही रचना असते. इथं टो आणि पुष्कळदा कॅम्बरही बोल्टनं जुळवता येतो. या जातीत मागं वजन भरलं की चाके आणखी आत कलतात. खताची पोती डिकीत नेहमी वाहिली, स्प्रिंगा बसल्या, तर आतली कड झिजणारच.

घरच्या घरी तपासणी

यंत्राशिवायही बरंच कळतं.

१. गाडी थंड असताना हवा बरोबर करा. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधोमध झिजला असेल तर जास्त भरली. हा दोष अलाइनमेंटचा नव्हे.

२. टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर रोख चुकलाय. जागोजागी खळगे लागले तर शॉकॲब्सॉर्बर किंवा चाकाचं बॅलन्सिंग बघा.

३. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकासमोर ओळंबा सोडा. रिमची वरची आणि खालची कड दोरीपासून किती दूर आहे ते मोजा. १४ इंची रिमवर सुमारे ६ मि.मी. फरक म्हणजे एक अंश. मग गाडी उलट तोंडानं त्याच जागी लावून पुन्हा मोजा, म्हणजे फरशीचा उतार लक्षात येईल. डावं-उजवं यांत मोठा फरक असेल तर शंका घ्यावी.

४. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. बोटभर फरक निघाला तर अ‍ॅक्सल सरकलाय.

यंत्राचा कागद कसा वाचावा?

चारही चाकांचं माप घेणाऱ्या यंत्रावरच गाडी लावा आणि कागद मागून घ्या. त्यावर आधीचं माप, कंपनीचं माप आणि नंतरचं माप असतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ अंश ३० मिनिटे म्हणजे दीड अंश, १.३० नव्हे. तासातल्या मिनिटांसारखाच हा हिशेब.

फक्त एकूण टो बघून फसू नका. समजा, मागचं डावं चाक ०.३० अंश आत आहे आणि उजवं ०.१० अंश बाहेर. बेरीज ०.२० अंश आत, म्हणजे कागदावर ठीक! पण दोन्ही चाकांचा रोख उजवीकडं आहे. दोन्ही मापांतल्या फरकाची, म्हणजे ०.४० ची निमपट, अर्थात ०.२० अंश इतका मागचा अ‍ॅक्सल गाडीला उजवीकडं ढकलतो. याला थ्रस्ट अँगल म्हणतात. गाडीचं तोंड मग डावीकडं जाऊ पाहतं आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग उजवीकडं धरावं लागतं. अशा वेळी पुढची चाके कितीदा जुळवली तरी उपयोग नाही. म्हणून क्रम असा हवा : आधी हवा, बुश आणि बेअरिंग, मग मागची चाके, आणि शेवटी पुढची.

एक कळकळीची सूचना

टॉर्शन बीमच्या गाडीचा कॅम्बर चुकला तर काही ठिकाणी जॅक लावून भाग वाकवतात किंवा तापवून सरळ करतात. असं करू देऊ नका. एकदा वाकून पुन्हा वाकवलेलं, तापवलेलं लोखंड आतून कमजोर होतं. ते कारागिराच्या दुकानात मोडत नाही, घाटात मोडतं. काही गाड्यांना स्टबखाली घालायच्या पाचरीसारख्या चकत्या मिळतात. त्या कंपनीला मान्य असतील तर वापराव्यात, नाहीतर वाकलेला भाग बदलावा. खर्च लागेल, पण त्या गाडीतनं आपली पोरंबाळं जातात.

हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, सांडलेली पाचट असते, कडेला खड्डे असतात. अचानक ब्रेक आणि वळण या दोन्ही गोष्टी याच दिवसांत जास्त घडतात. म्हणून गळीत सुरू होण्याआधी ट्रॅक्टर-ट्रॉलीची तपासणी आपण करतो, त्याच दिवशी घरच्या गाडीची मागची चाकेही बघून घ्यावीत. टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवायला दोन मिनिटं पुरतात.